कायक्लेशाचे भय आणि सामर्थ्याचे अवेक्षण

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सतरा श्लोकांच्या अंतराने दोन वचने आली आहेत. आठव्या श्लोकात भगवान सांगतात की, कर्म दुःखद आहे एवढ्याच कारणाने, शरीराला क्लेश होतील या भयाने, जो ते टाकून देतो त्याचा त्याग राजस होय, आणि त्यागाचे फळ त्याला लाभत नाही. पंचविसाव्या श्लोकात तेच भगवान सांगतात की, पुढे काय ओढवेल, हानी किती होईल, पीडा कोणाला पोहोचेल आणि आपले सामर्थ्य किती, हे न पाहता मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय. एक वचन माघार घेणाऱ्याला अडविते, दुसरे पुढे धावणाऱ्याला. नित्यपाठ करणाऱ्याला या दोहोंत विरोध भासत नाही, कारण पाठात ती एकाच स्वरात म्हटली जातात. ज्याच्यावर प्रसंग येतो त्याच्यापुढे मात्र ती दोन्ही एकाच वेळी उभी राहतात, आणि कोणते वचन आपल्यासाठी आहे हे श्लोकाच्या क्रमांकावरून कळत नाही.

दुर्ग-भिलाई या जोडशहरात पद्मनाभपुर नावाची वसाहत आहे. गीतामाहात्म्यात ज्याच्या मुखकमलातून गीता प्रकटली असे म्हटले आहे त्याचेच हे नाव, हा योग सहज लक्षात येण्याजोगा आहे. या प्रदेशात मराठी घरे नवी नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून त्यांचा इकडे राबता आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, आणि १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हा नोकरीनिमित्त देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. अशा एखाद्या घरातला, महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा विचारासाठी डोळ्यांपुढे आणावा. तो अडथळ्यांची शर्यत धावतो. सरावात त्याच्या मांडीच्या मागील स्नायूला इजा झाली. वैद्यांनी आठ आठवडे विश्रांती सांगितली. सहाव्या आठवड्यात चालताना, जिना चढताना, हलके धावताना काहीच दुखेनासे झाले. आणि सातव्या आठवड्याच्या अखेरीस आंतरविद्यापीठ स्पर्धा आहे. पुढच्या वर्षी तो विद्यार्थी नसेल. त्याने काय करावे?

प्रश्न नीट कळण्यासाठी शर्यतीचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत दहा अडथळे असतात, प्रत्येकाची उंची १०६.७ सेंटीमीटर. पहिला अडथळा आरंभरेषेपासून १३.७२ मीटरवर, आणि पुढचे ९.१४ मीटरच्या अंतराने. दोन अडथळ्यांमध्ये तीनच पावले टाकावयाची, ना अधिक ना उणे. अडथळा आला की पुढचा पाय जवळजवळ सरळ करून वेगाने झोकावा लागतो. या झोकात मांडीच्या मागील स्नायू पूर्ण ताणला जातो, आणि ताणला जात असतानाच त्याला पायाच्या वेगाला लगाम घालावा लागतो. बहुधा तो फाटतो तो या क्षणी. चालताना किंवा जिना चढताना हे काम त्याला पडतच नाही. म्हणून वेदना शमणे आणि सामर्थ्य परतणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीच्या बरीच आधी घडते. दुखत नाही याचा अर्थ एवढाच की, ज्या कामात ते दुखले असते ते काम अजून त्याला सांगितलेले नाही. ही इजा पुन्हा होण्याची खोड असलेली आहे, आणि ती पुन्हा होते ती बहुधा मैदानात परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच.

आता घरात काय घडेल? आजोबा गीतेचे पाठक असतील तर दुसऱ्या अध्यायातील तिसरा श्लोक त्यांच्या ओठांवर येईल. म्हणतील, “बाळ, अर्जुनाचे गात्रही गळाले होते, धनुष्य हातातून निसटत होते. भगवंतांनी त्याला विश्रांती सांगितली काय? ऊठ म्हणून सांगितले.” आणि आई म्हणेल, “आजोबांचे सारे खरे, पण उद्या हा लंगडला तर? शर्यती काय, होतच असतात. तू जाऊ नकोस.” दोघेही त्याच्या हिताचेच बोलत आहेत. दोघांच्या बोलण्यात गीतेचा आधारही आहे. तरी दोघांचेही बोलणे तपासून घेतले पाहिजे.

आजोबांच्या वचनात एक शब्द निसटला आहे. भगवंतांनी अर्जुनाला जे दौर्बल्य टाकावयास सांगितले त्याला त्यांनी एक विशेषण लाविले आहे: ते हृदयाचे दौर्बल्य आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन आपली लक्षणे सांगतो. तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, त्वचेचा दाह होत आहे, उभे राहवत नाही. परंतु या सर्व लक्षणांत जखम एकही नाही. युद्धाला आरंभच झालेला नव्हता. त्याचे शरीर त्या दिवशी पूर्ण निरोगी होते. शोकाने आणि ममत्वाने मन खचले, आणि मनाने शरीराला खाली ओढले. भगवंतांनी उपचार केला तो मनावर, कारण रोग तेथे होता. ज्याचा स्नायू फाटला आहे त्याला हेच वचन ऐकविणे म्हणजे ताप आलेल्याला धैर्याचा उपदेश करण्यासारखे आहे. वचन पवित्र खरे, परंतु लागू कोठे पडते हे न पाहता वापरलेले पवित्र वचनही माणसाला खड्ड्यात घालू शकते. आपल्या समाजात दुसऱ्याच्या अंगावर गीतेचे श्लोक टाकण्याची सवय बरीच आहे, आणि बहुधा टाकणाऱ्याला स्वतः धावावयाचे नसते.

पण म्हणून आईचे म्हणणे आपोआप बरोबर ठरत नाही. समजा, इजा होऊन चार महिने झाले आहेत. स्नायूची शक्ती मोजून पाहिली आहे, दोन्ही पाय सारखे भरले आहेत, सरावात पूर्ण वेगाने अडथळे ओलांडून झाले आहेत. तरी आरंभरेषेवर उभा राहिला की मुलाला तो एक क्षण आठवतो, आणि पहिल्या अडथळ्यापाशी पाय आखडतो. इजेतून उठलेल्या पुष्कळ धावपटूंना हा अनुभव येतो. शरीर बरे होते आणि भय मागे उरते. अशा वेळी तो “नको” म्हणाला, तर तोच आठव्या श्लोकातला राजस त्याग होय, आणि तेथे आजोबांचे वचन अक्षरशः लागू पडेल. म्हणजे मुलगा तोच, शर्यत तीच, उत्तरही तेच “नको”. सातव्या आठवड्यात ते विवेकाचे असू शकते आणि चौथ्या महिन्यात भित्रेपणाचे. बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंत काहीच भेद दिसणार नाही.

मग भेद कोठे आहे? तो पंचविसाव्या श्लोकातील चार शब्दांत आहे, आणि ते चारही शब्द मराठीत आणताना भाषांतरकाराची परीक्षा पाहतात. पहिला शब्द अनुबंध. आजच्या मराठीत या शब्दाला जिव्हाळ्याचा, नात्याचा अर्थ आला आहे. गीतेत तो अर्थ नाही. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार कर्मामागून जे येणार ते अनुबंध. शर्यत चौदा-पंधरा सेकंदांत संपते. तिच्यामागून येणारे वर्ष संपत नाही. दुसरा शब्द क्षय. आचार्य येथे शक्तीचा आणि धनाचा क्षय असे दोन्ही सांगतात, आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोणाच्या भविष्यनिर्वाह निधीतून जाणार हा विचार गृहस्थाला क्षुद्र वाटण्याचे कारण नाही. तिसरा शब्द हिंसा, म्हणजे प्राण्यांना होणारी पीडा. ती येथे कोठून आली? एक तर आपले शरीर हेही एक भूतच आहे. सतराव्या अध्यायात शरीरातील भूतसमुदायाला कृश करणाऱ्यांना भगवंतांनी अविवेकी म्हटले आहे. आणि दुसरे, संघात एक राखीव मुलगा असतो. तो दोन महिने सकाळी अंधारात उठून सराव करीत आहे. अर्धवट बऱ्या झालेल्या पायाने कोणी ती जागा अडवून धरली आणि तिसऱ्या अडथळ्यावर कोसळला, तर त्या राखीव मुलाचे वर्षही तेथेच कोसळते. वृत्तपत्रात त्याचे नाव येत नाही, म्हणून त्याची पीडा हिशेबात धरली जात नाही.

चौथा शब्द पौरुष, आणि सर्वांत मोठी फसगत येथे होते. मराठीत पौरुष म्हटले की मर्दुमकी, छातीठोकपणा डोळ्यांपुढे येतो. पौरुष न पाहता, असे वचन ऐकले की वाटते, यात पौरुषाची महती गायिली आहे. परंतु आचार्यांनी या शब्दाचा अर्थ फार शांतपणे लाविला आहे: हे कर्म मी शेवटास नेऊ शकेन, असे जे आपले सामर्थ्य, ते पौरुष. म्हणजे जो शब्द आपण उडी घेण्यासाठी वापरतो तोच येथे उडीपूर्वी अंतर मोजण्यासाठी आला आहे. आरंभ करता येणे हे पौरुष नव्हे. दहावा अडथळा ओलांडून पुढचे १४.०२ मीटर धावता येणे हे त्या मुलाचे त्या दिवसाचे पौरुष. ते आहे की नाही हे इच्छेने ठरत नाही. दोन्ही पायांची शक्ती तोलून, पूर्ण वेगाने धावून, आणि स्पर्धेच्या आधी सरावात दहाही अडथळे घालून ते पाहता येते. भगवंतांनी दोष दिला आहे तो न पाहण्याला. पाहून धावला आणि हरला, त्याला या श्लोकात दोष नाही. पाहून थांबला त्यालाही नाही.

ज्यांना ही केवळ पोथीतली चर्चा वाटेल त्यांनी बीड जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाचे उदाहरण घ्यावे. आष्टी तालुक्यातील मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. लहानपणी सहा किलोमीटरवरची शाळा त्यांनी पायी, बहुतेक धावतच, गाठली. पुढे ते सैन्यात महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत दाखल झाले. सियाचेनच्या हिमात राहिले, राजस्थानच्या वाळवंटात राहिले, सिक्कीममध्ये राहिले. त्यांची शर्यत ३,००० मीटर स्टीपलचेसची. तीत अठ्ठावीस वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याची उडी ओलांडावी लागते. आणि ११० मीटरच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला तर पडतो, हा मात्र जड तुळईचा असून जागचा हलत नाही. पाय लागला तर पडतो तो धावणारा.

२०१८ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा व्हावयाच्या होत्या. त्या वर्षी घोट्याच्या दुखापतीमुळे साबळे पात्र ठरू शकले नाहीत आणि ती स्पर्धा त्यांच्यावाचून झाली. सियाचेनमध्ये राहिलेल्या माणसाला कायक्लेशाचे भय होते असे कोणी म्हणू शकणार नाही. घोटा तयार नव्हता, एवढेच. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये भुवनेश्वर येथे ते धावले आणि ८ मिनिटे २९.८० सेकंदांत अंतर कापून त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा, ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षे टिकलेला विक्रम. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक; जकार्ताची ती पोकळी पाच वर्षांनी भरून निघाली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. असे उदाहरण सांगितले की ऐकणारा लगेच म्हणतो, पहा, थांबला म्हणून पुढे फळ मिळाले. हा तर्क गीतेचा नव्हे. थांबल्यानंतर विक्रम झाला नसता, तर थांबणे चूक ठरले असते काय? २०२५ च्या मे महिन्यात साबळे यांनी दक्षिण कोरियातील गुमी येथे आशियाई अजिंक्यपद मिळविले, आणि जुलैमध्ये मोनॅको येथील शर्यतीत त्यांच्या गुडघ्याला गंभीर इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली, आणि सप्टेंबरमधील टोकियोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेस ते मुकले. या वेळी थांबण्यामागे कोणताही विक्रम लगेच उभा नव्हता. गुडघ्याच्या अशा शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतण्यास साधारणतः नऊ महिने ते वर्ष लागते. नवा बसविलेला स्नायुबंध प्रथम काही काळ अधिकच दुर्बल होतो आणि मग हळूहळू जीव धरतो. वेदना तर त्याच्या कितीतरी आधी थांबलेली असते. त्या काळात काही न करणे हेच काम असते, आणि कर्त्याला ते सर्वांत जड जाते. फळाकडे पाहून त्याचे मूल्य ठरवू गेले तर ते शून्य भरेल. पण ते शून्य नाही हे ज्याला कळते त्यालाच दुसऱ्या अध्यायातील कर्माधिकाराचे वचन थोडेफार कळले असे म्हणता येईल.

फळावरून न्याय करण्याची ही सवय किती निष्ठुर असते हे चीनच्या लिऊ श्यांग यांनी अनुभवले. २००४ साली अथेन्सला ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी १२.९१ सेकंदांची, त्या वेळच्या जागतिक विक्रमाइतकी, वेळ देऊन सुवर्णपदक मिळविले, आणि २००६ मध्ये १२.८८ सेकंदांचा नवा विक्रम केला. २००८ चे ऑलिम्पिक त्यांच्याच देशात, बीजिंगला होते. १८ ऑगस्टला प्राथमिक फेरीसाठी ते रेषेवर आले. दुसऱ्या एका धावपटूचा आरंभ चुकला, सर्वांना परत बोलाविले गेले, आणि लिऊ परत रेषेवर न येता मैदानाबाहेर गेले. टाचेमागचा स्नायुबंध दुखावलेला होता. कोट्यवधी देशबांधव पाहत होते. कित्येक रडले, कित्येकांनी दूषणे दिली. तेरा महिन्यांनी ते परतले आणि पुन्हा जगातील अग्रणी धावपटूंत त्यांची गणना होऊ लागली. २०१२ मध्ये लंडनला ते पुन्हा ऑलिम्पिकच्या रेषेवर उभे राहिले. या वेळी धावले, आणि पहिल्याच अडथळ्याला आपटून पडले. टाचेमागचा स्नायुबंध तुटला होता. ते एका पायावर उड्या घेत कडेकडेने शेवटच्या अडथळ्यापर्यंत गेले, त्याचे चुंबन घेतले, आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना आधार दिला. त्या दृश्यावर जगाने टाळ्या वाजविल्या. बीजिंगला परत फिरले तेव्हा दूषणे, लंडनला कोसळले तेव्हा टाळ्या. प्रेक्षकाला पतनात वैभव दिसते. थांबण्यात पाहण्यासारखे काही नसते. या दोहोंपैकी कोणत्या दिवशी त्यांनी अधिक विवेक केला हे सांगण्याचा अधिकार दुरून पाहणाऱ्याला नाही. परंतु टाळ्यांवरून ते ठरत नाही, एवढे तरी निश्चित आहे.

आता पद्मनाभपुरातल्या मुलाकडे परत यावे. त्याची खरी अडचण अशी की, पाहावयाचे त्याला आहे आणि पाहणारे डोळेही त्याचेच आहेत. गीतेत मोह हा शब्द या प्रकरणी दोनदा येतो: सातव्या श्लोकात मोहाने टाकलेले कर्म तामस म्हटले आहे, आणि पंचविसाव्यात मोहाने आरंभिलेले. मोह दोन्ही दारांनी शिरतो. आणि तो आपल्या नावाने कधी येत नाही. “मला पदक हवे” असे तो म्हणत नाही. “विद्यापीठाचा विश्वास आहे, आईवडिलांनी एवढे केले, माझे कर्तव्य आहे” असे म्हणतो. दुसऱ्या दिवशी “मला भीती वाटते” असेही म्हणत नाही. “शरीर हेच धर्माचे साधन” म्हणून सांगतो. दोन्ही वेळा वाणी धर्माचीच असते. म्हणून आपल्या परंपरेत स्वतःच्या विषयीचा निर्णय एकट्याने करू नये असा दंडक आहे. ज्याला या शर्यतीतून काही मिळावयाचे नाही, अशा जाणत्याला विचारावे. मार्गदर्शकाला पदक मिळाले तर बढती आहे, म्हणून त्याचे मत ऐकावे, पण शेवटचे मानू नये. वैद्याला विचारताना “दुखत नाही, जाऊ का?” असे विचारू नये; त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. “शेवटच्या अडथळ्यापर्यंत हा पाय पुरेल काय, आणि पुरला नाही तर पुढे काय?” असे विचारावे. आणि उत्तर आपल्या इच्छेविरुद्ध आले म्हणून दुसऱ्या वैद्याकडे धाव घेऊ नये.

सातव्या आठवड्यात तो मुलगा बहुधा थांबेल, आणि ते शेवटचे वर्ष जाईल. ते परत मिळणार नाही. या हानीला हानीच म्हटले पाहिजे. ईश्वराची इच्छा, पुढे चांगले होईल, अशी मलमपट्टी त्यावर तत्काळ करू नये. प्रेक्षागृहात बसून राखीव मुलाला आपल्या जागी धावताना पाहणे हे वीस वर्षांच्या मनाला सोपे नाही. आजोबांनी त्या दिवशी श्लोक न म्हणता त्याच्या शेजारी बसावे, हे अधिक बरे.

आजोबांना सांगावयाचेच असेल तर महाभारतातच त्यांच्यासाठी एक प्रसंग आहे, तो द्रोणपर्वात. अभिमन्यू पडला आहे. अर्जुनाने प्रतिज्ञा केली आहे की, सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन. यापेक्षा कठोर मुदत कोणत्याही स्पर्धेला नसते. दिवस कलत आहे, जयद्रथ अजून लांब आहे, मध्ये सारे कौरवसैन्य आहे. आणि त्या वेळी अर्जुन श्रीकृष्णाला म्हणतो की, घोडे बाणांनी घायाळ झाले आहेत, दमले आहेत; ते सोडावे. श्रीकृष्ण म्हणतात, माझेही मत तेच आहे. ज्याने गात्रे गळालेल्या अर्जुनाला ऊठ म्हणून सांगितले तोच हा सारथी. अर्जुन रथातून खाली उतरतो आणि पायी उभा राहून शत्रूला थोपवितो. बाणाने भूमी भेदून पाणी काढतो, बाणांचेच एक घर उभारतो. त्या घरात, भर रणांगणाच्या मध्यभागी, श्रीकृष्ण घोड्यांच्या अंगांतील बाण आपल्या हातांनी उपटतात, त्यांची अंगे पुसतात, त्यांना लोळू देतात, पाणी पाजतात, स्नान घालतात, खाऊ घालतात. घोड्यांनी काही मागितले नव्हते. ते मुकेच होते. सभोवती उभे असलेले योद्धे आश्चर्याने पाहत राहिले. घोडे पुन्हा उभे राहिले तेव्हा श्रीकृष्णांनी त्यांना एकदा न्याहाळले असेल, आणि मगच रथाला जुंपले. सूर्यास्ताला अजून अवकाश होता, आणि जयद्रथ अजून दूर होता.